पळताना सापडलेल्या युद्धकैद्याचं काय करायचं असतं?

बँकॉकची टूर करून आलेल्या आपल्या लोकांपैकी बरेच जण कांचनाबुरीला एक दिवसाची चक्कर टाकतात, क्वाय नदीवरच्या पुलावर फोटो काढतात, डोंगराच्या कडेकडेनं जाणाऱ्या त्या जुन्या ट्रेनमध्ये बसतात, आणि परत आल्यावर हमखास एक प्रश्न विचारतात. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी ती रेल्वे बांधायला जुंपलेले साठ हजार सैनिक कैदी होते, पहारेकरी त्या मानानं मूठभर, छावणीला धड कुंपणसुद्धा नव्हतं, मग पळून का नाही गेले? दुसरा प्रश्न हल्ली रशिया-युक्रेनच्या कैद्यांच्या अदलाबदलीच्या बातम्या आल्या की निघतो, की पकडलेला सैनिक पळाला तर त्याला गोळी घालता येते का.

दोन्ही प्रश्न वेगळे वाटतात पण उत्तर एकाच गोष्टीत आहे, आणि ते समजायला १९४३ सालच्या पावसाळ्यात फसलेला एक प्रयत्न बघायला लागतो.

आधी बेसिक: युद्धकैदी कोण

युद्धकैदी म्हणजे लढाईत शत्रूच्या हाती लागलेला सैनिक. त्यानं चोरी केलेली नाही, खून केलेला नाही, म्हणजे लढाईत माणसं मारली असतील पण तो त्याचा गुन्हा धरत नाहीत. त्याला डांबून ठेवायचं कारण एवढंच, की सोडला तर तो परत जाऊन बंदूक उचलेल. शिक्षा म्हणून नाही, अडवून ठेवायचं म्हणून. हा फरक डोक्यात पक्का बसवा, कारण पुढचं सगळं याच्यावरच उभं आहे.

त्यांच्याकडून काम करून घ्यायला बंदी नाहीये. साध्या सैनिकाला कामाला लावता येतं, पण अधिकाऱ्यांना सक्ती करता येत नाही, काम जिवावर बेतणारं किंवा तब्येत खचवणारं नसावं, मोबदला द्यावा, असं आजचा नियम सांगतो. कैद्यांना कसं वागवायचं ते ठरवणाऱ्या १९२९ च्या जिनिव्हा करारातही साधारण हेच होतं आणि युद्धाशी थेट संबंध असलेलं काम देऊ नका असंही स्पष्ट होतं. जपाननं त्या करारावर सही केली होती पण त्याला घरून मंजुरी दिलीच नाही, १९४२ मध्ये मात्र 'आवश्यक ते बदल करून पाळू' असं कळवलं. ते बदल कसले होते ते कैद्यांना लवकरच कळलं.

रेल्वे आणि सोंगकुराई

जपान्यांना थायलंडमधून ब्रह्मदेशात सैन्य आणि माल न्यायला रेल्वे हवी होती, कारण समुद्रमार्गे जाणारी जहाजं दोस्त राष्ट्रांच्या पाणबुड्या बुडवत होत्या. ४१५ किलोमीटरची लाइन, बराचसा भाग डोंगर आणि जंगल. १९४२ च्या मध्याला काम सुरू झालं आणि १७ ऑक्टोबर १९४३ ला दोन्ही बाजूंचे रूळ जोडले गेले. साठ हजारांवर ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, डच आणि काही अमेरिकन कैदी त्यावर राबले, त्यातले बारा हजारांहून जास्त मेले. मलाया, ब्रह्मदेश, जावा इथून आणलेले मजूर दोन लाखांच्या घरात होते, त्यांच्या मृत्यूंचा धड हिशोबच नाही, अंदाज पाऊण लाखापासून एक लाखापर्यंत जातात. त्यांच्याबद्दल शेवटी बोलू.

एप्रिल १९४३ मध्ये सिंगापूरच्या चांगी छावणीतून सात हजार माणसांची एक तुकडी हलवली, तिचं नाव 'एफ फोर्स'. जपान्यांनी सांगितलं काय, तर डोंगरात चांगल्या हवेच्या ठिकाणी नेतोय, खायला जास्त मिळेल, आजारी लोकांनाही घ्या, बरे होतील. लोकांनी विश्वास ठेवला, बँडची वाद्यं सोबत घेतली, चक्क पियानो घेतला! मालगाडीच्या लोखंडी डब्यांतून चार-पाच दिवसांचा प्रवास करून थायलंडमधल्या बान पोंगला उतरले, आणि तिथे कळलं की पुढचे तीनशे किलोमीटर चालत जायचंय, तेही रात्री, पावसात. सामान स्टेशनजवळच टाकावं लागलं.

ब्रह्मदेशाच्या सरहद्दीजवळ, थ्री पॅगोडाज खिंडीच्या अलीकडे सोंगकुराई नावाची छावणी होती. मे महिन्यात सुमारे सोळाशे ब्रिटिश तिथे पोचले तेव्हा झोपड्यांवर छप्पर नव्हतं आणि पाठोपाठ कॉलरा आला. कामाला जाऊ शकत नाही त्याला रेशन कमी, म्हणजे आजारी पडला की उपाशी आणि उपाशी की अजून आजारी. त्याच वर्षाच्या अखेरीपर्यंत त्या सोळाशेपैकी बाराशेच्या आसपास माणसं मेली होती. एफ फोर्सचं एकूण बघितलं तर सात हजारांतले तीन हजारांवर गेले.

पळून जायचं ठरवलं ते दहा जण

५ जुलै १९४३ ला सोंगकुराईतून दहा माणसं निसटली. पुढारी लेफ्टनंट कर्नल विल्किन्सन, बरोबर बहुतेक ब्रिटिश अधिकारी, त्यात जिम ब्रॅडली नावाचा एक तरुण लेफ्टनंट, आणि नूर महंमद नावाचा एक भारतीय. यांचा हेतू फक्त स्वतःचा जीव वाचवणं नव्हता. इथे काय चाललंय ते बाहेरच्या जगाला कळलं तर दबाव येईल आणि मागे राहिलेले वाचतील, असा हिशोब होता, कारण बाहेर कोणाला पत्ताच नव्हता.

नकाशा बघितला तर फार वेडेपणाचं वाटत नाही. पश्चिमेला चालत जायचं, समुद्र गाठायचा, होडी मिळवायची आणि भारताकडे निघायचं. पण नकाशात जुलैचा पाऊस नसतो ना. डोंगररांगा उत्तर-दक्षिण आणि हे जाणार पूर्व-पश्चिम, म्हणजे प्रत्येक रांग चढायची, उतरायची, खाली फुगलेला ओढा, परत चढायचं, आणि हे सगळं बांबूच्या दाट जाळ्यांतून वाट तोडत. दिवसभर घाम गाळून थोडंसं अंतर कापलं जायचं. सोबतचा तांदूळ आणि सुकी मासळी पुरवून पुरवून खाल्ली तरी संपली. छावणीतून निघतानाच अंगात मलेरिया आणि आमांश होता, पायाला झालेल्या जखमा चिघळत गेल्या. दहापैकी पाच जण जंगलातच मेले, त्यात विल्किन्सन होते.

उरलेल्या पाच जणांनी कसाबसा ये नदीचा काठ गाठला, बांबूचा तराफा बांधला आणि तो खडकांवर आपटून फुटला. मग ब्रह्मी माणसांची गाठ पडली, गावात नेलं, खायला दिलं, आणि गावाच्या मुखियानं जपान्यांना कळवलं. इथे त्या मुखियाला सरळ फितूर म्हणायचा मोह होतो पण मी म्हणणार नाही. पळालेला कैदी धरून दिला तर बक्षीस आणि लपवला तर गावावर काय येईल ते सांगता येत नाही, अशा अवस्थेत परक्या देशाच्या पाच मरायला टेकलेल्या सैनिकांसाठी त्यानं आपल्या गावाचा जीव पणाला का लावावा? शिवाय ब्रिटिश काही त्याचे सोयरे नव्हते, आधीचे मालकच होते.

तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. कुंपण नव्हतं कारण गरजच नव्हती. कुंपणाचं काम जंगल, पाऊस, उपासमार, गोरा रंग आणि गावोगावी लावलेली बक्षिसं करत होती.

परत आणल्यावर

पाचही जणांना सोंगकुराईला परत आणलं ते मारायलाच. आणि इथे एक माणूस मध्ये पडला, कॅप्टन सिरिल वाइल्ड. सिंगापूर पडलं तेव्हाचा शरणागतीचा फोटो प्रसिद्ध आहे, त्यात पांढरं निशाण धरून चालणारा उंच अधिकारी तो हाच. त्याला जपानी उत्तम यायची, दुभाष्याचं काम करायचा, रात्रंदिवस कोणत्या ना कोणत्या कैद्यासाठी भांडत असायचा, त्यामुळे जपान्यांनीच त्याला 'न झोपणारा उंच माणूस' असं नाव पाडलं होतं.

एफ फोर्सचा जपानी प्रमुख होता लेफ्टनंट कर्नल बान्नो. वाइल्डनं त्याच्यापुढे दयेची भीक मागितली नाही. जिनिव्हाचं कलमही काढलं नाही, त्याचा तिथे काय उपयोग होता. तो म्हणाला की अशा शूर माणसांना मारलंत तर तुमच्या सम्राटाच्या आणि सैन्याच्या नावाला डाग लागेल. बान्नो रडला असं सांगतात. रडला असेल-नसेल, पण गोळ्या टळल्या. मग चौकशी, मारहाण, आणि सिंगापूरच्या आउटरम रोड तुरुंगात रवानगी, तो तुरुंग म्हणजे छावणी परवडली म्हणायची वेळ. ब्रॅडली त्यातूनही वाचला.

हे पाच जण वाचले हा निव्वळ अपवाद. जून १९४२ मध्ये ब्रह्मदेशात ताव्हॉयजवळून पळालेले आठ ऑस्ट्रेलियन पकडले गेले आणि सगळ्यांना गोळ्या घातल्या, त्यांचे ब्रिगेडियर वार्ली विनवण्या करत राहिले, काही उपयोग झाला नाही. तिथे शब्दात पकडता येईल असा बान्नो नव्हता, एवढाच काय तो फरक.

मग नियम काय सांगतो?

याला सगळ्यात सोपं म्हणजे आपली कबड्डी. चढाईला गेलेला गडी पलीकडे धरला गेला तर मध्यरेषेला हात लावायला तो जीव खाऊन झटापट करणार, हे सगळ्यांना मान्य असतं. करायलाच हवी त्यानं. रेषा गाठली तर सुटला. नाही गाठली तर बाद, पण 'सुटायचा प्रयत्न का केलास' म्हणून त्याला कोणी काठीनं मारत नाही.

जिनिव्हा करार नेमकं हेच म्हणतो. १९४९ च्या तिसऱ्या करारात कलम ९१ मध्ये रेषा कुठली ते सांगितलंय: कैदी आपल्या किंवा मित्रदेशाच्या सैन्यात जाऊन मिळाला, किंवा शत्रूच्या ताब्यातला प्रदेश सोडून बाहेर पडला, किंवा त्या किनाऱ्याजवळच आपल्या बाजूच्या जहाजावर चढला, की पळणं यशस्वी. नंतर दुसऱ्या लढाईत तो परत हाती लागला तरी जुन्या पळण्याबद्दल शिक्षा नाही. आणि कलम ९२ खास फसलेल्या प्रयत्नासाठी आहे. रेषेआधी पकडला गेला तर फक्त शिस्तभंगाची कारवाई, मग तो पहिल्यांदा पळालेला असो की पाचव्यांदा. शिस्तभंगाची कारवाई म्हणजे जास्तीत जास्त तीस दिवस कोठडी, सवलती बंद, थोडा दंड, रोज दोन तासांपर्यंत जादा काम, असलं. पहारा कडक करता येतो. खटला भरून वर्षानुवर्षं डांबता येत नाही, मारणं तर लांबच. तीस दिवसांची मर्यादा १९२९ च्या करारातही होती, म्हणजे सोंगकुराईच्या वेळी हे सगळं कागदावर होतंच.

वा, म्हणजे पळताना काहीही केलं तरी चालतं?

नाही. कलम ९३ मध्ये याची सीमा आहे. पळण्यासाठी भिंत फोडली, खोटे कागद बनवले, साधे कपडे घातले, खायला काही चोरलं पण धंदा करायला नाही, हे सगळं शिस्तभंगात बसतं. पहारेकऱ्याचा गळा दाबला, कोणाला जखमी केलं, की तो वेगळा गुन्हा आणि त्याचा वेगळा खटला.

पळणाऱ्यावर गोळी झाडता येते का? येते, पण शेवटचा उपाय म्हणून आणि आधी इशारा देऊन, हे कलम ४२. म्हणजे धावत असताना झाडलेली गोळी एकवेळ नियमात बसेल, पकडून आणून हात बांधून झाडलेली कधीच नाही. बातमीत 'पळताना मारला गेला' असं येतं तेव्हा सगळा वाद याच फरकाचा असतो.

आणि एक गंमत, जी बऱ्याच वकिलांनाही पटकन आठवणार नाही. भारताच्या ताब्यातला युद्धकैदी पळाला तर त्याला तीस दिवस, पण त्याला पळायला जाणूनबुजून मदत करणाऱ्या नागरिकाला जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. जुन्या दंडसंहितेत ते कलम १३० होतं, आता न्याय संहितेत १५८. विचित्र वाटतं पण लॉजिक सरळ आहे, कैदी त्याच्या देशाशी इमान राखतोय आणि तुम्ही तुमच्या देशाशी राखत नाही.

पळणार नाही असं लिहून घेतलं तर?

हा प्रयोग झालाय. ऑगस्ट १९४२ च्या शेवटी सिंगापूरमध्ये मेजर जनरल फुकुए यानं सगळ्या कैद्यांना 'मी कोणत्याही परिस्थितीत पळायचा प्रयत्न करणार नाही' अशा कागदावर सह्या करायला सांगितलं. कैद्यांनी नकार दिला. मग पंधरा हजारांवर माणसं सेलारांग बराकीत कोंबली, जी एका पलटणीसाठी बांधलेली होती, पाण्याचे दोनच नळ चालू ठेवले, संडास नाहीत, परेड ग्राउंडचं डांबर फोडून चर खणावे लागले. दबाव वाढवायला २ सप्टेंबरला चांगीच्या किनाऱ्यावर पकडून आणलेल्या चार जणांना मारलं. त्यातले कॉर्पोरल ब्रेव्हिंग्टन आणि प्रायव्हेट गेल हे बुकित तिमाच्या कामाच्या छावणीतून होडीनं निसटलेले ऑस्ट्रेलियन. गोळ्या झाडणारे पहारेकरी होते आझाद हिंद फौजेत गेलेले भारतीय सैनिक. नेताजी तिथे पोचायच्या आधीची, तिचे पहिले प्रमुख मोहनसिंग यांच्या वेळची ती फौज. हे वाचायला आवडत नाही, पण झालंय ते झालंय.

शेवटी रोगराई पसरायला लागल्यावर वरिष्ठांनी सह्या करायचा हुकूम दिला आणि लोकांनी केल्या. बऱ्याच ऑस्ट्रेलियनांनी स्वतःच्या नावाऐवजी त्यांच्याकडच्या प्रसिद्ध दरोडेखोराचं, नेड केलीचं नाव ठोकून दिलं. धाक दाखवून घेतलेल्या सहीला कोणीच बांधील मानत नाही, आणि १९४९ च्या करारात कलम २१ मध्ये असं वचन द्यायची कैद्यावर सक्ती करायची नाही असं स्पष्ट लिहिलंय. फुकुएला युद्धानंतर खटला चालवून एप्रिल १९४६ मध्ये त्याच चांगीला गोळ्या घातल्या.

हे सगळं कागदावर हो, प्रत्यक्षात कोण पाळतं?

रास्त शंका. जर्मनीनं करार मान्य केलेला होता, तरी मार्च १९४४ मध्ये स्टालाग लुफ्ट ३ या जर्मन छावणीतून बोगदा खणून निसटलेल्या ७६ जणांपैकी ७३ पकडले गेले आणि त्यातल्या ५० जणांना हिटलरच्या हुकमानं मारलं. करार होता म्हणून ते थांबलं नाही. पण नंतर मारणाऱ्यांवर खून म्हणून खटले चालले ते त्याच्याच जोरावर.

आणि कधीकधी पाळलाही जातो, त्याचं उदाहरण तर आपल्याच घरातलं आहे. १० डिसेंबर १९७१ ला फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर यांचं सुखोई पाकिस्तानात पाडलं गेलं आणि ते रावळपिंडीच्या छावणीत पोचले. तिथे मजुरी वगैरे नव्हती, उलट बरं चाललं होतं, तरी या गड्याच्या डोक्यात पळायचंच होतं. १२-१३ ऑगस्ट १९७२ च्या रात्री परुळकर, ग्रेवाल आणि हरीश सिंहजी खोलीची भिंत फोडून निसटले, बसनं पेशावर, तिथून पुढे खैबर खिंडीत लंडी कोतलपर्यंत गेले. अफगाणिस्तान काही मैलांवर! आणि तिथे त्यांनी लंडी खानाला कसं जायचं ते विचारलं, कारण नकाशात ते रेल्वेचं शेवटचं स्टेशन दिसत होतं. ते स्टेशन १९३२ सालीच बंद पडलेलं. चाळीस वर्षांपूर्वी बंद झालेल्या स्टेशनचा पत्ता विचारणारे हे कोण, म्हणून लोकांना संशय आला, बांगलादेश झाल्यावर पाकिस्तानातून पळून चाललेले बंगाली असावेत असं वाटलं, आणि तहसीलदाराच्या माणसांनी धरलं.

जमाव, बंदुका, आणि हेर म्हणून जागीच उडवतील अशी परिस्थिती. परुळकरांनी अक्कल चालवली, छावणीच्या आधीच्या प्रमुखाला, जो आता थेट पाकिस्तानी हवाई दलप्रमुखांकडे होता, फोन लावायला लावला. त्यानं हे आमचे युद्धकैदी आहेत, नीट ठेवा असं सांगितलं, आणि तिथे चित्र पालटलं. तोपर्यंत ते हेर होते, त्या फोननंतर कलम ९२ मध्ये बसणारे कैदी झाले. १ डिसेंबर १९७२ ला तिघंही बाकीच्यांबरोबर वाघ्यावरून भारतात आले. सोंगकुराईच्या पाच जणांना वाइल्डची जीभ मिळाली, या तिघांना एक फोन. दोन्हीकडे कोणीतरी वेळेवर बोललं. पण वाइल्डला सम्राटाच्या अब्रूचा विषय काढावा लागला, आणि फोनवरच्या माणसाला 'युद्धकैदी' एवढं म्हटलं तरी पुरलं.

आणि ते दोन लाख मजूर?

त्यांना यातलं काहीच लागू नव्हतं. मलायातल्या रबराच्या मळ्यांवरचे तमिळ मजूर आधी पगाराचं आमिष दाखवून आणि नंतर सरळ उचलून रेल्वेवर नेले. ते सैनिक नव्हते म्हणून युद्धकैदी नव्हते. त्यांच्यात हजेरी ठेवणारा अधिकारी नव्हता, डॉक्टर नव्हता, कॉलऱ्यात पाणी उकळून प्या म्हणून दरडावणारा कोणी नव्हता, म्हणून त्यांच्या छावण्यांमधली अवस्था सैनिकांपेक्षा वाईट. तेही पळत होते, पण किती पळाले, किती सापडले, सापडल्यावर काय झालं याची नोंद ठेवायला कोणाला गरज वाटली नाही, त्यामुळे त्यांच्यातला विल्किन्सन किंवा ब्रॅडली आपल्याला माहीतच नाही. कांचनाबुरीच्या त्या सुंदर राखलेल्या दफनभूमीत सात हजारांच्या आसपास सैनिकांच्या कबरी आहेत, नावाच्या पाट्यांसकट. मजुरांसाठी त्यात जागा नाही.

१९४९ मध्ये नागरिकांसाठी वेगळा, चौथा करार झाला. त्याच्या कलम ५१ नुसार व्यापलेल्या प्रदेशातल्या माणसाला अठराच्या आत कामाला जुंपता येत नाही, त्या प्रदेशाबाहेर न्यायचं नाही, शक्यतो आपल्या नेहमीच्या जागीच ठेवायचं आणि वाजवी मजुरी द्यायची. मलायातून ब्रह्मदेशाच्या जंगलात माणसं नेणं यात कुठेच बसत नाही. कांचनाबुरीला गेलात तर पुलाच्या फोटोनंतर गाइडला या लोकांबद्दल जरूर विचारा, बहुतेक जण सैनिकांचंच सांगून पुढच्या धबधब्याला नेतात.